जुना एआरएम सर्व्हर अपग्रेडनंतर उठत नसेल तर आधी कन्सोलवरची शेवटची ओळ बघा

डिस्ट्रो, म्हणजे मशीनवरचं आख्खं लिनक्स, अपग्रेड झाला, पॅकेजेस सगळी नीट बसली, रीबूट मारला आणि मशीन परत आलंच नाही. पिंग नाही, एसएसएच नाही. जुन्या एआरएम सर्व्हरवर (नेहमीच्या पीसीतल्या एक्स८६ पेक्षा वेगळ्या जातीचा प्रोसेसर असलेल्या) हे इतक्या वेळा होतं की बरेच जण सरळ पेनड्राइव्ह शोधायला लागतात, सगळं पुसून नव्याने टाकू म्हणून. माझं याबाबतीत मत एकदम पक्कं आहे, रीइन्स्टॉल करू नका, निदान लगेच तरी नको, कारण नव्याने टाकलेल्या सिस्टिममध्ये पण तोच नवा कर्नल (लिनक्सचा गाभा) आणि खाली तेच जुनं फर्मवेअर (बोर्डावरच्या चिपमधला, मशीन चालू करणारा प्रोग्रॅम) असणार, अडकायचं तिथेच अडकणार, फक्त तेव्हा हातात चालणारा जुना कर्नलसुद्धा उरलेला नसेल. मशीन नेमकं कुठपर्यंत आलं आणि कुठे थांबलं हे एकदा कळलं की निम्म्याहून जास्त काम झालं, आणि ते कळतं कन्सोलवर, म्हणजे मशीन बूट होताना मेसेज छापतं त्या पडद्यावर, उमटलेल्या शेवटच्या ओळीवरून.

आधी हे का होतं ते थोडं. एक्स८६ वर सगळ्या मशीन बऱ्यापैकी सारख्या वागतात, पण ६४-बिट एआरएम सर्व्हरची पहिली पिढी, म्हणजे अप्लाइड मायक्रोचा एक्स-जीन, कॅव्हियमचा ४८ कोअरवाला थंडरएक्स, एएमडीचा ऑप्टेरॉन ए११००, ही सगळी मंडळी अशा काळात आली जेव्हा नियमच लिहिले जात होते. एआरएमचं सर्व्हरसाठीचं एसबीएसए नावाचं स्पेसिफिकेशन २०१४ मध्ये जाहीर झालं, आणि मेनलाइन (मूळ, अधिकृत) लिनक्समध्ये ६४-बिट एआरएमसाठी एसीपीआय (फर्मवेअरने कर्नलला हार्डवेअरचं वर्णन टेबलांतून द्यायची पद्धत) आलं ते २०१५ मध्ये, कर्नल ४.१ मध्ये. त्यामुळे त्या काळच्या बोर्डांवर कुठे यू-बूट, कुठे यूईएफआय (मशीन बूट करायच्या दोन वेगळ्या तऱ्हा), कुठे डिव्हाइस ट्री (हार्डवेअरचं वर्णन देणारी फाइल), कुठे अर्धंमुर्धं एसीपीआय, तर कुठे दोन्ही एकत्र. त्यातून कंपन्या पण बदलल्या. अप्लाइड मायक्रो २०१७ मध्ये विकली गेली, कॅव्हियम २०१८ मध्ये मार्वेलकडे गेली, आणि ३२-बिट सर्व्हर बनवणारी कॅल्क्सेडा तर २०१३ च्या शेवटीच बंद पडली. म्हणजे कर्नल दर दोनेक महिन्यांनी पुढे जातोय आणि फर्मवेअर मात्र दहा वर्षांपूर्वी जिथे थांबलं तिथेच आहे, अपग्रेडनंतर बूट फसतं ते बहुतेक वेळा या दोघांच्या सांध्यावर.

आता कन्सोल. सिरीयल कन्सोल, म्हणजे सिरीयल पोर्टवरून दुसऱ्या मशीनवर दिसणारा कन्सोल, नसेल तर पुढचं काहीच करता येणार नाही, हे आधी उभं करा. बीएमसी (मशीन लांबून हाताळू देणारी बोर्डावरची वेगळी चिप) असेल तर आयपीएमआय टूलने सिरीयल ओव्हर लॅन चालू करा, नसेल तर यूएसबी-सिरीयल केबल लावा, स्पीड बहुतेक ठिकाणी ११५२००. आणि इथेच पहिला घोळ होतो, कारण एक्स-जीनचा यूएआरटी (सिरीयल पोर्टचं हार्डवेअर) ८२५० जातीचा आहे म्हणून त्याचं नाव टीटीवायएस०, आणि थंडरएक्स किंवा ऑप्टेरॉनचा पीएल०११ जातीचा म्हणून तिथे टीटीवायएएमए०. अपग्रेड करताना ग्रबची (कर्नल निवडून लोड करणाऱ्या प्रोग्रॅमची) डिफॉल्ट फाइल ठेवायची की नवीन घ्यायची असा प्रश्न येतो, तिथे नवीन घेतली की आपण लिहिलेलं कन्सोल= (मेसेज कुठल्या पोर्टवर छापायचे ते कर्नलला सांगणारा पर्याय) गायब होतं, आणि मग मशीन आतून व्यवस्थित चालू असतं पण कन्सोल मुका. एकापेक्षा जास्त कन्सोल= दिले असतील तर जो शेवटी लिहिला तो मुख्य धरला जातो, हे पण लक्षात असू द्या, कारण क्रम उलटा झाला तर कर्नलचे मेसेज दिसतात पण इनिटपासून (कर्नलने सुरू केलेल्या पहिल्या प्रोग्रॅमपासून) पुढचं काही दिसत नाही आणि माणूस उगाच इनिट मेला समजून बसतो.

यू-बूटवाल्या बोर्डावर शेवटची ओळ "स्टार्टिंग कर्नल" अशी असेल आणि पुढे काहीच नसेल, तर माझा पहिला संशय लोड ॲड्रेसवर, म्हणजे फाइल मेमरीत जिथे ठेवली जाते त्या जागेवर, असतो. यू-बूटच्या प्रॉम्प्टवर प्रिंटएन्व्ह मारा आणि कर्नल, डिव्हाइस ट्री आणि रॅमडिस्क (म्हणजे इनिटरॅमएफएस, खरी डिस्क मिळेपर्यंत वापरायची छोटी फाइलसिस्टिम) यांचे तीन ॲड्रेस कागदावर लिहून काढा. समजा कर्नल आणि डिव्हाइस ट्रीच्या ॲड्रेसमध्ये ३२ एमबीचं अंतर आहे, बोर्ड नवा होता तेव्हाचा कर्नल त्यात आरामात मावायचा, पण आजकालची डिस्ट्रोची ६४-बिट इमेज कॉम्प्रेस न केलेली असेल तर तेवढ्यात मावेलच असं नाही, आणि फाइलचा साइज बघून पण भागत नाही कारण कर्नल मेमरीत बसल्यावर त्याच्या मागे बीएसएसची (सुरुवातीला शून्य असलेल्या डेटाची) जागा लागते, ती फाइलमध्ये नसते, ती इमेजच्या हेडरमधल्या साइजमध्ये धरलेली असते. मग कर्नल चालू झाला की आपल्याच शेपटीखाली डिव्हाइस ट्री पुसून टाकतो आणि तिथेच गप्प होतो. रॅमडिस्कवर चढला तर जरा पुढे जातो आणि इनिटरॅमएफएस अनपॅकिंग फेल्ड असा मेसेज देतो, जो बघून लोक इनिटरॅमएफएस पुन्हापुन्हा बनवत बसतात, तर फाइल बिचारी ठणठणीत असते. ॲड्रेस लांब लांब करा, एकदा प्रॉम्प्टवरून हाताने बूट करून बघा, चाललं तरच सेव्हएन्व्ह करा, आधी नाही.

याच जागेवरची अजून एक भानगड. कर्नल ५.८ मध्ये, म्हणजे २०२० साली, ६४-बिट एआरएम इमेजचा टेक्स्ट ऑफसेट (इमेज मेमरीत मूळ जागेपासून किती पुढे ठेवायची तो आकडा) ५१२ केबीवरून शून्यावर आणला. नीट लिहिलेला बूटलोडर हेडर वाचून ठरवतो त्यामुळे त्याला फरक पडत नाही, पण काही जुन्या बूटलोडरांत तो ५१२ केबी आकडा थेट ठोकून ठेवलेला आहे. अशा ठिकाणी लॉगमध्ये फर्मवेअर बग असं लिहून कर्नल इमेज मिसअलाइन्ड अशी ओळ दिसते, ती दिसली तर कर्नलच्या नावाने ओरडण्यात अर्थ नाही, लोड ॲड्रेस २ एमबीच्या पटीत आणा. आणि डेबियनच्या वाटेने गेला असाल तर फ्लॅश-कर्नल या, नवा कर्नल यू-बूटला सापडेल असा ठेवणाऱ्या, टूलचा अपग्रेडच्या वेळचा आउटपुट पण बघा, तो /प्रोक मधलं बोर्डाचं मॉडेल नाव त्याच्या यादीतल्या नावाशी जुळवतो, नाव जुळलं नाही तर अनसपोर्टेड प्लॅटफॉर्म म्हणतो, आणि मग यू-बूट जुनीच फाइल लोड करत राहतो पण त्या व्हर्जनची मॉड्यूल्स आता डिस्कवर नसतात.

यूईएफआयवाल्या मशीनवर जी ओळ सगळ्यात जास्त छळते ती म्हणजे ईएफआय स्टबची (कर्नलमधल्या, फर्मवेअरकडून ताबा घेणाऱ्या भागाची), "एक्झिटिंग बूट सर्व्हिसेस". त्यानंतर अंधार. या ओळीचा अर्थ कर्नल मेला असा नाही. या क्षणाला फर्मवेअरने स्वतःचा कन्सोल सोडलेला असतो आणि कर्नलचा सिरीयल ड्रायव्हर अजून उभा राहिलेला नसतो, मधल्या वेळात जे काही घडतं ते घडतं पण दिसत नाही. ही पोकळी भरायला अर्लीकॉन हा कर्नलचा पर्याय आहे. ग्रबमध्ये ई दाबून कर्नलच्या ओळीच्या शेवटी नुसतं अर्लीकॉन लिहा, कन्सोलचा पोर्ट कुठला हे सांगणारं एसपीसीआर टेबल एसीपीआयवर असेल किंवा एसटीडीआउट-पाथ डिव्हाइस ट्रीमध्ये असेल तर तेवढ्याने चालतं, नाहीतर यूएआरटीचा प्रकार आणि ॲड्रेस स्वतः द्यावा लागतो. सोबत कीप_बूटकॉन आणि इग्नोर_लॉगलेव्हल द्या, नाहीतर खरा कन्सोल येताना अर्लीकॉन बंद होतो आणि नेमकं महत्त्वाचं तेव्हाच घडत असतं.

एवढं करून काही दिसायला लागलं की उत्तम. नाही दिसलं तर मी एका वेळी एकच गोष्ट बदलून बघतो. आधी नोकेएएसएलआर, म्हणजे कर्नलने मेमरीत दर वेळी वेगळ्या जागी बसणं बंद. मग ईएफआय=नोरनटाइम, कारण जुन्या फर्मवेअरच्या रनटाइम सर्व्हिसेसमध्ये (बूटनंतरही कर्नलला वापरता येणाऱ्या सेवांमध्ये) गडबड असते आणि कर्नल त्यांना हात लावायला गेला की तिथेच कोसळतो. मग ईएफआय=नोव्हामॅप, व्हर्च्युअल ॲड्रेस मॅप सेट करतानाच जे फर्मवेअर गडबडतं त्याच्यासाठी. आणि मग मोठा प्रश्न, हार्डवेअरचं वर्णन कर्नल कुठून घेतोय. फर्मवेअर डिव्हाइस ट्री आणि एसीपीआय दोन्ही देत असेल तर मेनलाइन कर्नल डिव्हाइस ट्री घेतो, एसीपीआय=फोर्स दिलं तर एसीपीआय. दोन्ही बाजूंनी एकदा बूट करून बघा, दोन लॉग शेजारी ठेवले की कुठलं टेबल खोटं बोलतंय ते बऱ्याचदा लगेच दिसतं.

डिव्हाइस ट्रीबद्दल एक गोष्ट मी आग्रहाने सांगतो. कर्नलवाल्यांची भूमिका अशी आहे की जुनी डीटीबी (डिव्हाइस ट्रीची तयार फाइल) नव्या कर्नलवर चालली पाहिजे. उलट दिशेने मात्र हमी नाही, नवी डीटीबी जुन्या कर्नलवर चालेलच असं कुणी म्हणत नाही. म्हणजे फर्मवेअरमधली जुनी डीटीबी घेऊन नवा कर्नल फसला तर तो कर्नलमधला बग म्हणून नोंदवायला हरकत नाही, तुमचं हार्डवेअर जुनं झालं म्हणून गप्प बसायची गरज नाही.

याचं सगळ्यात चांगलं उदाहरण एक्स-जीनच्या पीसीआयईचं (बोर्डावर कार्डं जोडायच्या बसचं) आहे. कर्नल ५.५ मध्ये, जानेवारी २०२० ला आलेल्या, या ड्रायव्हरची थोडी साफसफाई झाली, डीएमए-रेंजेस (कार्डाला मेमरीच्या कुठल्या भागात थेट लिहिता-वाचता येतं, म्हणजे डीएमए करता येतं, त्याच्या हद्दी) स्वतः वाचण्याऐवजी कर्नलच्या सामाईक कोडने तयार केलेली यादी वापरायची असं ठरलं, वाचायला अगदी शहाणपणाचा बदल. पण या बदलामुळे कार्डांकडून मेमरीकडे जायच्या वाटा, म्हणजे इनबाउंड विंडो, वेगळ्या तऱ्हेने लागायला लागल्या आणि जुन्या मशीनवर पीसीआयईवरचं डीएमए बिघडलं. एचपीच्या मूनशॉटमधलं एम४०० कार्ट्रिज आणि मस्टँग बोर्ड दोन्ही त्यात सापडले. मध्ये एक दुरुस्ती आली, तिने पण या दोघांना काही फायदा झाला नाही, आणि शेवटी २०२२ मध्ये मूळ बदलच मागे घेतला. आता विचार करा, कुणी ५.४ वरून ५.१० वर गेला असेल तर त्याला काय दिसलं असेल, कर्नल छान वर येतोय, सगळे कोअर जागे होतायत, आणि मग पीसीआयईवर जे आहे ते गप्प. कुणालाही वाटेल कार्ड गेलं. म्हणून हार्डवेअर मेलं असा निष्कर्ष काढायच्या आधी जुना कर्नल एकदा लावून बघायचाच, तेच कार्ड जुन्या कर्नलवर चालत असेल तर वाद संपला.

दुसरं असंच प्रकरण एसएमएमयूचं (कुठलं डिव्हाइस मेमरीत कुठे पोहोचू शकतं ते ठरवणाऱ्या हार्डवेअरचं), आणि हे मी स्वतः एका मशीनवर जवळून पाहिलंय. अपग्रेडनंतर मशीन इनिटरॅमएफएसच्या प्रॉम्प्टवर येऊन थांबलं, रूट डिव्हाइस सापडत नाही म्हणून. /प्रोक/पार्टिशन्स बघितलं तर रिकामं, एकही डिस्क नाही. डिस्कसाठी लागणारं एएचसीआयचं मॉड्यूल लोड झालेलं होतं, म्हणजे ड्रायव्हर राहून गेला असं पण नाही. मग डीमेसेज (कर्नलचा लॉग) वरपासून सावकाश वाचला आणि मधोमध आर्म-एसएमएमयूची ओळ होती, अनोळखी स्ट्रीम आयडी अडवला, चालू द्यायचं असेल तर आर्म-एसएमएमयू.डिसेबल_बायपास=० देऊन बूट करा पण सुरक्षेवर परिणाम होऊ शकतो. म्हणजे उपाय कर्नलने स्वतःच छापून दिला होता! ग्रबमध्ये तेवढं वाढवलं आणि डिस्क समोर. कारण असं की कर्नल ५.२ पासून, ज्या डिव्हाइसची एसएमएमयूकडे नोंद नाही त्याचं डीएमए डिफॉल्टने अडवलं जातं. हे बरोबरच आहे, सुरक्षेच्या दृष्टीने तसंच हवं, पण जुन्या फर्मवेअरच्या टेबलांमध्ये काही डिव्हाइसची नोंदच नसते आणि आधीचा कर्नल त्यांना तसंच जाऊ देत होता. हा पॅरामीटर मी निदानासाठी वापरतो, कायमचा ठेवायचा तर त्या मशीनवर काय चालतं आणि पीसीआयईला बाहेरचं काय जोडलं जाऊ शकतं हे बघून ठरवा.

डिस्क दिसत नाही आणि एसएमएमयूची ओळ पण नाही, तर डीबगएफएस (कर्नलच्या आतली माहिती दाखवणारी फाइलसिस्टिम) माउंट करून डिव्हाइसेस_डिफर्ड ही, अजून वाट बघत थांबलेल्या डिव्हाइसची, फाइल वाचा. कर्नल ५.१३ पासून एफडब्ल्यू_डेव्हलिंक डिफॉल्टने चालू आहे, म्हणजे डिव्हाइस ट्रीमध्ये एक डिव्हाइस दुसऱ्यावर अवलंबून लिहिलं असेल तर दुसरं येईपर्यंत पहिलं थांबतं, आणि जुन्या डीटीबीमध्ये ज्याचा ड्रायव्हर कधी लिहिलाच गेला नाही अशा क्लॉकवर किंवा रेग्युलेटरवर बोट ठेवलेलं असलं की वाट बघणं सुरू. एफडब्ल्यू_डेव्हलिंक=परमिसिव्ह देऊन फरक पडला तर कारण सापडलं. न वापरलेली क्लॉक कर्नलने बंद करू नयेत यासाठी सीएलके_इग्नोर_अनयूज्ड हा पॅरामीटर आहे, तो पण एकदा लावून बघावा, बूट अगदी शेवटच्या टप्प्यात येऊन गोठत असेल तर खास करून.

पेज साइजचा (कर्नल मेमरी ज्या तुकड्यांत वाटतो त्या तुकड्याच्या आकाराचा) सापळा वेगळाच आहे आणि तो एका विशिष्ट वाटेवर लागतो. रेड हॅटच्या आवृत्ती ७ आणि ८ मध्ये ६४-बिट एआरएमचा कर्नल ६४ केबी पेजचा होता, ९ मध्ये डिफॉल्ट ४ केबी झालं. स्वॅपची (मेमरी कमी पडली की वापरायच्या डिस्कवरच्या जागेची) खूण पहिल्या पेजच्या शेवटी लिहिलेली असते, त्यामुळे पेज साइज बदलली की नवा कर्नल ती खूण वेगळ्याच जागी शोधतो, आणि जुनी स्वॅप पार्टिशन त्याला स्वॅप वाटतच नाही. एफएसटॅबमध्ये ती असेल किंवा कर्नलच्या ओळीत रिझ्युम= असेल तर बूट तिथे ताटकळतं. स्वॅपचं काय, एमकेस्वॅप मारून नवी करता येते, नवा यूयूआयडी लिहायला विसरू नका म्हणजे झालं. ६४ केबी सेक्टर साइजने बनवलेली बीटीआरएफएस मात्र ४ केबीच्या कर्नलवर माउंट होत नाही, तिथे बॅकअप आणि नवी फाइलसिस्टिम एवढाच रस्ता, किंवा बीटीआरएफएस चालवणारा ६४ केबी पेजचा वेगळा कर्नल मिळाला तर तो लावा. अपग्रेडच्या आधी गेटकॉन्फ पेजसाइज मारून आकडा लिहून ठेवायला काही सेकंद लागतात.

कर्नल पॅनिक होऊन "अटेम्प्टेड टू किल इनिट" असं आलं तर पुढचा एक्झिटकोड वाचा, तो फार बोलका असतो. शेवटी ४ असेल तर एसआयजीआयएलएल, म्हणजे प्रोसेसरला न कळणारी इन्स्ट्रक्शन. एक्स-जीन, कॉर्टेक्स-ए५७ वगैरे एआरएमव्ही८.० चे आहेत, त्यांच्यात ८.१ मध्ये आलेल्या नव्या ॲटॉमिक इन्स्ट्रक्शन नाहीत, नव्या प्रोसेसरसाठी कंपाइल केलेली लायब्ररी आत शिरली की हेच होणार. शेवटी ७एफ००  असेल तर कोड १२७, बहुतेक वेळा लायब्ररी सापडली नाही, अपग्रेड अर्धवट राहिलेला असतो. आणि शेवटी बी हे अक्षर असेल तर सेगमेंटेशन फॉल्ट, तिथे मेमरी आणि इनिटरॅमएफएस दोन्ही तपासा.

कधीकधी तर बूट अगदी व्यवस्थित झालेलं असतं आणि नेटवर्क कार्डाचं नाव बदललेलं असतं, बस्स. नव्या सिस्टमडीमध्ये डिव्हाइस ट्रीवरून ओळखलेल्या ऑनबोर्ड कार्डाला एंड० असं नाव मिळू शकतं, कॉन्फिगमध्ये ईटीएच० लिहिलेलं असेल तर कार्डाला आयपी मिळत नाही आणि बाहेरून बघणाऱ्याला मशीन मेलेलं वाटतं. नाव मॅक ॲड्रेसला बांधून टाका.

फर्मवेअर अपडेट करून बघू का, हा प्रश्न हमखास येतो. मी ते सगळ्यात शेवटी ठेवतो. फ्लॅशिंग मध्येच फसलं तर अशा बोर्डाला परत आणणं अवघड, आणि यशस्वी झालं तरी नवं फर्मवेअर डिव्हाइस ट्री सोडून एसीपीआयवर जाऊ शकतं, म्हणजे आतापर्यंत चालणारा जुना कर्नल पण कदाचित चालणार नाही आणि तुलना करायला काहीच शिल्लक राहणार नाही. त्यापेक्षा डिस्ट्रोचे मधले कर्नल एकेक लावा. डेबियनचे जुने सगळे कर्नल त्यांच्या स्नॅपशॉट आर्काइव्हमध्ये मिळतात, चालणारा आणि न चालणारा यांच्या मधला घ्यायचा, मग त्याच्या मधला, असं करत एका रिलीजपर्यंत आलात की गिट बायसेक्ट (कोडमधले बदल अर्धे-अर्धे करत नेमका बिघडवणारा बदल शोधणं) पण आवाक्यात येतं, एखाद्या वेगवान मशीनवर क्रॉस-कंपाइल केलं तर.

पुढच्या वेळी नवा कर्नल लावताना तो डिफॉल्ट करू नका. ग्रबमध्ये डिफॉल्ट सेव्ह्ड ठेवा, जुना कर्नल सेव्ह करा, नवा फक्त ग्रब-रीबूटने एका वेळेपुरता मागा आणि त्याच्या ओळीत पॅनिक=३० टाका, म्हणजे पॅनिक झाला तर तीस सेकंदांत मशीन आपोआप जुन्या कर्नलवर येतं. गोठलं तर मात्र बीएमसीवरून पॉवर सायकल करावं लागेल. आणि /बूट एलव्हीएम किंवा बीटीआरएफएसवर असेल तर ग्रबला तिथे सहसा लिहिता येत नाही, एका वेळेपुरती केलेली निवड पुसली जात नाही आणि मशीन परत परत त्याच फसलेल्या कर्नलवर जातं, तिथे हा उपाय वापरू नका, साध्या ईएक्सटी४ पार्टिशनवर /बूट असू द्या.

आणि हे सगळं मशीन चालू आहे तोपर्यंतच गोळा करता येतं म्हणून आजच करून ठेवा, चालणाऱ्या कर्नलचा पूर्ण डीमेसेज, /सिस/फर्मवेअर/एफडीटी या फाइलची कॉपी, एसीपीआयडंपचा आउटपुट, यू-बूट असेल तर प्रिंटएन्व्हचा सगळा मजकूर, ईएफआयबूटएमजीआरची यादी आणि मशीनवर लॉगिन न करता नुसत्या बीएमसीवरून कन्सोल उघडतोय की नाही याची एकदा खात्री. सगळं दुसऱ्या मशीनवर ठेवा, त्याच डिस्कवर नको. बग नोंदवायची वेळ आली की समोरचा माणूस पहिल्यांदा हेच मागतो, दोन्ही कर्नलचा अर्लीकॉनसकट लॉग आणि डीटीबी, आणि हे जोडलेलं असलं तर ज्याच्याकडे तो बोर्ड नाही अशा माणसालाही कारण शोधता येतं.